लाकडी जहाजाचं किट: पहिली फळी चिकटवण्याआधी आणि नंतर

लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीचं पहिलं किट घेताना एकच डोलकाठी असलेलं, १:४८ किंवा १:६४ प्रमाणातलं आणि दुहेरी फळ्यांचं जहाज निवडा. ‘एचएमएस व्हिक्टरी’च्या खोक्यावरचं चित्र भुरळ घालतं खरं, पण १०४ तोफा आणि तीन डोलकाठ्यांचं ते प्रकरण नवख्याच्या हातून सहसा माळ्यावरच जातं. दुहेरी फळ्यांत आतला थर, बहुधा १.५ मिमी जाडीचा लाइमवुड, शेवटी झाकला जातो. त्यात राहिलेल्या फटी पुट्टी भरून, घासून खपून जातात. वरचा अर्ध्या मिलिमीटरचा अक्रोडाचा थर मात्र काहीच लपवत नाही.

हत्यारं थोडीच लागतात. लहान कानशी, पिन वाइस (बारीक ड्रिल धरून हाताने फिरवायची मूठ), ०.५ ते १ मिमीची ड्रिलं, गुण्या आणि १२० ते ३२० नंबरचे पॉलिश पेपर पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत शोधा. कपड्यांचे लाकडी चिमटे तुळशीबागेत. चिकटवायला पांढरा फेविकॉल. फेविक्विक टोकं धरून ठेवण्यापुरतंच वापरा, कारण ते लाकडात झिरपतं आणि तिथे पुढे पॉलिश धरत नाही, डाग दिसतो.

पुण्यात फळ्या लावायचा मोसम दसऱ्यापासून होळीपर्यंत. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. जुलैच्या दमट हवेत फुगलेल्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून चिकटवल्या की एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्या आक्रसतात आणि सांध्यासांध्यात केसाएवढी फट उघडते. पावसाळ्यात सांगाडा, डोलकाठी, तोफांचे गाडे असली कामं उरका.

सांगाडा जोडण्याआधी प्लायवुडचा कणा, म्हणजे जहाजाच्या मधोमध लांबीत जाणारी पाटी, ओट्याच्या ग्रॅनाइटवर आडवा ठेवून बघा. कमान आली असेल तर खोलगट बाजूला ओलं फडकं फिरवा आणि वजनाखाली रात्रभर दाबून ठेवा. बल्कहेड, म्हणजे कण्यावर फासळ्यांसारख्या आडव्या बसणाऱ्या पाट्या, खाचेत हातोडीने ठोकू नका. खाच कानशीने घासा, बल्कहेड बोटाच्या दाबाने बसला पाहिजे. प्रत्येक बल्कहेड गुण्याला लावूनच चिकटवा.

आता खरं काम. बल्कहेडच्या कडा तिरप्या घासायच्या असतात: जहाजाच्या पुढच्या अर्ध्या भागात पुढची कड, मागच्या अर्ध्या भागात मागची. लांब काठीवर १२० नंबरचा कागद चिकटवून एका वेळी तीन-चार बल्कहेडवरून फिरवा. मधूनमधून एक सुटी फळी त्यांच्यावरून वाकवून धरा आणि दिव्यासमोर बघा. फळीखालून उजेड दिसला तर तो बल्कहेड बुटका आहे. त्याच्या कडेला पातळ पट्टी चिकटवा, बाकीच्यांना घासत बसू नका. या कामाला दोन संध्याकाळी लागल्या तरी लागू द्या.

मागच्या टोकाला आणखी एक हिशेब असतो आणि सूचनापत्रात तो बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेला असतो. कणा ५ मिमी जाड धरा. दोन्ही बाजूंचा पहिला थर मिळून ३ मिमी, दुसरा मिळून १ मिमी. म्हणजे सुकाणूच्या खांबाशी कणा घासून १ मिमीवर आणायचा, तेव्हा सगळं मिळून खांबाइतकं ५ मिमी भरतं. हे राहिलं की जहाजाचा मागचा भाग सुजल्यासारखा दिसतो आणि सुकाणू नीट बसत नाही.

फळ्यांच्या रुंदीचं गणित कागदाच्या पट्टीने करा. मधल्या बल्कहेडच्या कडेवर, डेकपासून कण्यापर्यंत, ९५ मिमी अंतर भरलं तर ५ मिमीच्या १९ फळ्या. पुढच्या टोकाशी तेच अंतर ५७ मिमी असेल, तर तिथे प्रत्येक फळी ३ मिमीची हवी. फळी तिच्या निम्म्याहून अरुंद करू नका. तशी वेळ आलीच तर दोन फळ्या एका रुंद फळीत संपवा. मागे अंतर ९५ पेक्षा जास्त निघालं, तर उरलेल्या जागेत पाचरीसारखे तुकडे बसतात. निमुळती न करता सरळ फळी पुढे रेटली की ती आडवी वाकू पाहते. आडवी ती वाकत नाही, मग तिची एक कड उचलते आणि कौलांसारख्या पायऱ्या दिसू लागतात.

फळी कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा, बल्कहेडवर चिमट्यांनी वाकवून पूर्ण वाळू द्या आणि मगच चिकटवा. ओली चिकटवली तर वाळताना आक्रसून फट पाडेल. एक फळी डावीकडे, लगेच तिची जोडीदार उजवीकडे. एकच बाजू पुढे गेली तर कणा पिळवटतो.

डेकच्या फळ्यांच्या एकाच कडेवर पेन्सिल फिरवा, खऱ्या जहाजाच्या सांध्यांत भरलेल्या डांबराची रेघ आपोआप दिसते. दोन्ही कडांवर फिरवली तर रेघ जाड होते.

पॉलिशला स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख उत्तम, दोन-तीन पातळ हात. दमट दिवशी लावली तर तिच्यावर पांढुरका थर येतो, तेव्हा ऊन पडलेला दिवस बघा. वरच्या थरासाठी सागवानाचं व्हिनिअर वापरायचा मोह होतो, पण सागाचे रेषे १:६४ला फारच ठळक दिसतात. साग स्टँडला शोभतो.

दोरकामाला सुती दोऱ्यापेक्षा पॉलिएस्टर बरा. सुती दोरा दमट हवेत आखडतो आणि बारीक डोलकाठीला वाकवतो. दोरा मेणावरून ओढून घ्या, म्हणजे लव बसते. ताण सरळ दिसेल इतकाच द्या, आणि तोही डाव्या-उजव्या जोडीनेच.

काचेची पेटी हवाबंद करू नका. नव्या लाकडातून निघणारी आम्लाची वाफ आत कोंडली की शिसं मिसळलेल्या तोफा आणि नांगरांवर पांढरी भुकटी धरते. तळाला सहा मिलिमीटरची दोन भोकं पाडून त्यांना आतून मलमल लावा.