वाईत मित्रमंडळींसोबत निवांत दिवस कसा घालवायचा

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून टाका, त्या दिवशी पाचगणी-महाबळेश्वर करायचं नाही. ग्रुपमधलं कोणीतरी हमखास म्हणतंच की एवढं आलोय तर वर जाऊन येऊ, आणि एकदा आम्ही ऐकलं तर रविवारची अख्खी दुपार पसरणीच्या घाटात गाड्यांच्या रांगेत गेली, कृष्णेत पाय घालायचे राहूनच गेले. वाईला पूर्ण दिवस द्या.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा. थंडीच्या शेवटाला कृष्णाबाईचे, म्हणजे कृष्णा नदीचे, उत्सव असतात, एकेका घाटाचा वेगळा, तेव्हा गेलात तर मांडव, भजन सगळं बघायला मिळतं. पावसाळ्यात मात्र घाटावर बसायचा प्लॅन नको, पाणी चढलेलं असतं आणि पायऱ्यांवर शेवाळ. चार-पाच जण पुरे, म्हणजे एका गाडीत मावता आणि गप्पा एकच चालतात, दोन गट पडत नाहीत. पुण्याहून नव्वदएक किलोमीटर आहे, सातारा रोडने खंबाटकी घाट ओलांडला की सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. गाडी नसेल तर स्वारगेटहून एसटी आहे, महाबळेश्वरच्या गाड्याही वाईवरूनच जातात. सहाला निघा, नाश्ता हायवेवर उरकू नका, वाईत स्टँडजवळ मिसळ नाहीतर गरम वडापाव खा.

मग थेट गणपती घाट. ढोल्या गणपतीचं देऊळ पेशव्यांचे सरदार रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं, मूर्ती खरंच एवढी मोठी की नाव पटतं. दर्शन झालं की लगेच बाहेर पळू नका, देवळाला वळसा घालून मागे जा. मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, पूर आला की पाणी तिच्यावर फुटून दोन बाजूंनी जावं म्हणून. मी दर वेळी त्या भिंतीला हात लावून येते. शेजारीच काशीविश्वेश्वर, तिथल्या काळ्या दगडाच्या नंदीजवळ उकिडवं बसा आणि त्याच्या गळ्यातल्या माळा बघा, घुंगरू न् घुंगरू वेगळं कोरलंय, आणि दगड इतका गुळगुळीत की तेल लावल्यासारखा चमकतो.

आता मुख्य काम, म्हणजे बसणं. घाटाच्या पायऱ्यांवर सावली कुठंय ते बघून बसायचं, चपला बाजूला, पाय पाण्यात, मध्ये शेंगांची पुडी. मोबाईल पिशवीत. पलीकडे कोणीतरी गोधडी धूत असतं, ती दगडावर आपटली की आवाज जरा उशिरा आपल्यापर्यंत येतो. अर्धा तास कोणी बोलत नाही आणि मग कोणीतरी असं काही बोलतं जे फोनवर वर्षभर बोललं नसतं. आमच्यातल्या एकीने आईच्या आजारपणाचं पहिल्यांदा इथेच सांगितलं होतं. त्यामुळे इथे दोन तास तरी ठेवा, घड्याळ बघणाऱ्याला सांगून ठेवा.

वाचणारी माणसं असतील तर त्यांना हेही सांगा की मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींमुळे. एवढ्याशा गावात बसून एवढं मोठं काम, मला त्याचा फार अभिमान वाटतो.

जेवण साधंच घ्या, पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा. पोट फार भरू नका कारण नंतर मेणवलीला जायचंय, तीनेक किलोमीटर, ऊन उतरलं की चालतही जाता येतं, दोन्हीकडे ऊस. नाना फडणवीसांचा वाडा उघडा असेल तर आत जाऊन चौक बघा, नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, खरी मजा मागच्या घाटावर आहे. तिथे छोट्या देवळीत एक भलीमोठी घंटा टांगलीय. ती वसईच्या स्वारीतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाची लूट, आणि तिच्यावर चक्क मेरी आणि बाळ येशू आहेत, शिवाय १७०७ हे साल. पोर्तुगीज चर्चची घंटा मेणवलीत नदीकाठी, शेजारी मेणेश्वराचं देऊळ. टोल देऊ नका, नुसतं जवळ जाऊन हात लावून बघा, भर उन्हाळ्याच्या दुपारीसुद्धा आतली बाजू गार लागते.

धोम करायचं का, तर गाडी असेल आणि उजेड असेल तरच. महादेवाच्या देवळापुढे हौदात कासवाच्या पाठीवर नंदी आहे, हौद भरलेला असला की कासव पोहतंय असं वाटतं. एसटीवाल्यांनी सोडून द्या, त्यापेक्षा मेणवलीच्याच पायऱ्यांवर अजून एक तास बसा.

परतताना वाईच्या बाजारातून हळद घ्या, इथली हळद नावाजलेली आहे. पाव किलोची पुडी पुरत नाही, शेजारीपण मागतात, तेव्हा अर्धा किलो घ्या. आणि रविवार असेल तर पाचलाच निघा, संध्याकाळी खेड शिवापूरच्या टोलला फार गर्दी होते.