ब्रेक्झिटचं मतदान वाचायचं कसं: आकडा नंतर, प्रश्न आधी

१५ जानेवारी २०१९, ब्रिटनची कनिष्ठ सभा: २०२ विरुद्ध ४३२. पंतप्रधान थेरेसा मे यांचा युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार पडला, हे कुणीही सांगेल. आता ४ सप्टेंबर २०१९ चा आकडा बघा: २९८ विरुद्ध ५६. मे यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या प्रस्तावाच्या बाजूने पाचपट मतं, तरी प्रस्ताव पडला. इथे बऱ्याच जणांची गाडी अडते, कारण आकडा पाहिलेला असतो, पण तो कुठल्या प्रश्नाचा हे पाहिलेलं नसतं.

ब्रेक्झिटवर लेख, प्रबंध किंवा स्पर्धा परीक्षेची टिपणं लिहायची असतील तर बातम्यांचे मथळे बाजूला ठेवा आणि मूळ नोंद उघडा. लागतं फार थोडं. त्या दिवसाचं हॅन्सार्ड, म्हणजे सभागृहाच्या कामकाजाचा अधिकृत वृत्तान्त. त्या दिवसाचा ऑर्डर पेपर, म्हणजे आपल्याकडची कामकाजपत्रिका. आणि बेरीज-वजाबाकीला एक कागद. पहिल्या दोन्ही गोष्टी ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावर तारखेनुसार फुकट मिळतात.

मतदान होतं कसं

आपल्या विधानसभेत ४ जुलै २०२२ च्या विश्वासदर्शक ठरावाला शिरगणती झाली. आमदार जागेवर उभे राहिले, मोजले गेले, १६४ विरुद्ध ९९. वेस्टमिन्स्टरमध्ये उभं राहून भागत नाही, चालावं लागतं. आधी आवाजी मतदान होतं. त्यावर कुणी हरकत घेतली की पोल होतो आणि घंटा वाजू लागते. आठ मिनिटांनी लॉबीची दारं बंद. सभापतींच्या उजव्या हाताच्या लॉबीतून ‘हो’वाले जातात, डाव्या हाताच्या लॉबीतून ‘नाही’वाले. दोन्हीकडे दोन-दोन टेलर, म्हणजे मोजणी करणारे खासदार असतात. जिंकलेल्या बाजूचा टेलर निकाल वाचतो, त्यामुळे कुणाच्या हातात चिठ्ठी आहे ते पाहूनच सभागृहाला निकाल कळतो आणि आकडा येण्याआधीच आरडाओरडा सुरू होतो. दृश्यफीत पाहताना हे लक्षात ठेवा.

आकड्यावरून वर सरका

हॅन्सार्डमध्ये आकडा सापडला की तिथे थांबू नका. पान वर सरकवत जा, ‘क्वेश्चन पुट’ ही तिरक्या अक्षरांतली ओळ येईपर्यंत. त्या ओळीत नेमकं काय मताला टाकलं ते असतं: दुरुस्ती, मूळ ठराव, की दुरुस्तीसह ठराव. ही तीन वेगवेगळी मतदानं आहेत आणि सर्वाधिक चुका इथेच होतात.

१३ मार्च २०१९ ची संध्याकाळ यासाठी उत्तम नमुना आहे. सरकारचा ठराव होता: २९ मार्चला कराराविना बाहेर पडायला सभागृहाची संमती नाही, मात्र करार झाला नाही तर कायद्याने कराराविना बाहेर पडणं हेच घडेल. त्यावर दुरुस्ती आली: तारखेची अट काढा, कराराविना बाहेर पडणं कधीच नको. ती ३१२ विरुद्ध ३०८ ने मंजूर झाली. आता ठराव दुरुस्तीसह पुन्हा मताला आला आणि ज्या सरकारने तो आणला होता त्याच्याच प्रतोदांनी आपल्या खासदारांना विरोधात जायला सांगितलं. तरी तो ३२१ विरुद्ध २७८ ने मंजूर. ‘सरकारी ठराव मंजूर’ असं कुणी लिहिलं तर शब्दाने बरोबर, अर्थाने साफ उलटं.

दुसरी गफलत न मांडलेल्या दुरुस्त्यांची. ऑर्डर पेपरवर ढीगभर दुरुस्त्या असतात, सभापती त्यांतल्या काही निवडतात आणि निवडलेली प्रत्येक मांडली जातेच असं नाही. १५ जानेवारीला चार निवडल्या होत्या, तिघांनी आपापली मांडलीच नाही. उरलेली जॉन बॅरन यांची २४ विरुद्ध ६०० ने पडली. म्हणून ऑर्डर पेपरवरून ‘काय झालं’ लिहू नये. तो बेत असतो, वृत्तान्त नव्हे.

आणि उंबरठा बघा. साधं बहुमत पुरे की जास्त? ४ सप्टेंबरचा प्रस्ताव २०११ च्या मुदतबंद संसद कायद्याखाली मध्यावधी निवडणुकीचा होता. त्याला एकूण जागांच्या दोन तृतीयांश, म्हणजे ६५० पैकी ४३४ मतं लागत. हजर असलेल्यांच्या नव्हे. विरोधी मजूर पक्ष तटस्थ राहिला आणि प्रस्ताव गारद. ९ सप्टेंबरला २९३-४६, २८ ऑक्टोबरला २९९-७०, दोन्ही वेळा तेच. शेवटी २९ ऑक्टोबरला सरकारने साध्या बहुमताने चालणारं स्वतंत्र विधेयकच आणलं. त्याला ४३८ विरुद्ध २० मतं पडली. दोन तृतीयांशांची गरज संपली त्याच दिवशी दोन तृतीयांश मिळाले.

ठराव आणि कायदा यांत गल्लत नको

‘संसदेने कराराविना ब्रेक्झिट रोखलं’ हे १३ मार्चच्या मतदानावरून लिहिता येत नाही. तो ठराव म्हणजे सभागृहाचं मत होतं. बाहेर पडण्याचा दिवस कायद्यात २९ मार्च असाच लिहिलेला होता आणि युरोपीय संघाच्या कराराच्या कलम ५० ची दोन वर्षांची मुदत आपोआप संपणार होती. युरोपीय परिषदेने मुदतवाढ मान्य केल्यावर २७ मार्चला दुय्यम विधानाने, म्हणजे कायद्याखाली सरकारने काढलेल्या नियमाने, देशी कायद्यातली तारीख बदलली. ते मतदान ४४१ विरुद्ध १०५. मथळे त्या रात्री दुसऱ्याच मतदानांचे होते, पण कायदा बदलला तो या मतदानाने.

विधेयक असेल तर कुठलं वाचन ते नोंदवा. पहिल्या वाचनाला मतदान होत नाही. दुसरं वाचन तत्त्वाला, मग समिती, अहवाल, तिसरं वाचन, उमरावांची सभा, राजसंमती. २२ ऑक्टोबर २०१९ ला जॉन्सन यांच्या माघार करार विधेयकाचं दुसरं वाचन ३२९-२९९ ने मंजूर झालं आणि काही मिनिटांतच त्याच विधेयकाचा कार्यक्रम ठराव, म्हणजे तीन दिवसांत सगळं उरकायचं वेळापत्रक, ३०८-३२२ ने पडला. ‘करार मंजूर’ आणि ‘करार अडला’ हे दोन्ही मथळे एकाच संध्याकाळचे. ३१ ऑक्टोबरची तारीख हुकणार हे ठरलं दुसऱ्या मतदानाने.

बेरीज जुळवून पाहा

६५० वरून थेट हिशेब करू नका. सभापती आणि तीन उपसभापती मत देत नाहीत, ४ गेले. २०१७ च्या सभागृहात उत्तर आयर्लंडच्या शिन फेन पक्षाचे ७ सदस्य जागा घेतच नव्हते. राहिले ६३९. टेलर चार, त्यांची बाजू ठरलेली असते पण आकड्यात ते धरले जात नाहीत. म्हणजे छापील बेरीज जास्तीत जास्त ६३५.

आता १५ जानेवारी घ्या. २०२ अधिक ४३२, ६३४. एक कमी. तो एक म्हणजे आजारी असलेले मजूर पक्षाचे पॉल फ्लिन. इतकी पूर्ण हजेरी दुर्मीळ. बाळंतपणाची तारीख पुढे ढकलून ट्युलिप सिद्दिक चाकाच्या खुर्चीतून त्या रात्री मत द्यायला आल्या होत्या; बदली मताची, म्हणजे आपलं मत दुसऱ्या खासदाराकरवी देण्याची सोय सुरू झाली ती त्यानंतर, त्याच महिन्याच्या अखेरीस.

पक्षवार फोड: बाजूने मे यांचा हुजूर पक्ष १९६, मजूर ३, अपक्ष ३. विरोधात मजूर २४८, हुजूर ११८, स्कॉटिश नॅशनल ३५, लिबरल डेमोक्रॅट ११, उत्तर आयर्लंडचा डीयूपी १०, वेल्सचा प्लाइड कम्री ४, ग्रीन १, अपक्ष ५. ताळा बघा: हुजूर पक्षाचे १९६ अधिक ११८ म्हणजे ३१४, दोन टेलर आणि एक उपसभापती धरून ३१७, पक्षाची पूर्ण संख्या. असा ताळा जुळला की यादी पक्की. जुळला नाही तर बहुधा टेलर विसरलेले असतात.

सभागृह एवढं भरलेलं नसेल तर गैरहजेरीचे अर्थ वेगवेगळे. काही जण जोडी लावतात: एका पक्षाचा आजारी किंवा बाळंतीण, समोरच्या पक्षातला एक जण तेवढ्यासाठी मत देत नाही. काही जण ठरवून तटस्थ. हॅन्सार्डची यादी यांत फरक करत नाही, त्यामुळे ‘अमुक गैरहजर राहिला म्हणजे त्याचा विरोध’ हा निष्कर्ष यादीवरून काढू नका. जोडी मोडतेही: १७ जुलै २०१८ ला हुजूर पक्षाचे अध्यक्ष ब्रँडन लुईस यांनी प्रसूती रजेवरच्या जो स्विन्सन यांच्याशी जोडी असूनही मत दिलं. सरकार ३०७-३०१ ने जिंकलं. नंतर माफी मागितली गेली, आकडा तोच राहिला.

समसमान झालं तर? ३ एप्रिल २०१९ ला एका दुरुस्तीवर ३१०-३१० झालं. सभापती जॉन बर्को यांनी ‘नाही’ म्हटलं. यात त्यांचं मत शोधायला जाऊ नका. सभागृहात ज्याला बहुमत नाही त्याला सभापतीच्या मताने ते देऊ नये, ही जुनी रूढी. त्याच दिवशी मुख्य ठराव ३१२-३११ ने आणि मुदतवाढीचं विधेयक तिसऱ्या वाचनाला ३१३-३१२ ने पार पडलं.

कौलांची बेरीज करू नये

२७ मार्च आणि १ एप्रिलचे सूचक कौल, म्हणजे सभागृहाला कुठला मार्ग चालेल हे चाचपणारी मतदानं, लॉबीत चालून नव्हे, कागदी मतपत्रिकांवर झाले. पहिल्या दिवशी आठ पर्याय, दुसऱ्या दिवशी चार, मंजूर एकही नाही. प्रत्येक पर्यायापुढे हो किंवा नाही लिहायचं होतं. एकच खासदार तीन पर्यायांना हो म्हणू शकत होता. तेव्हा हे पसंतीक्रम नाहीत आणि त्यांची टक्केवारी काढणं व्यर्थ आहे. १ एप्रिलला सर्वाधिक ‘हो’ मिळाले दुसऱ्या सार्वमताला, २८०. पण ‘नाही’ २९२. कस्टम्स युनियनला, म्हणजे युरोपीय संघाशी समान जकातीच्या व्यवस्थेला, ‘हो’ कमी, २७३, आणि ती हरली फक्त तिघांनी, २७६ विरुद्ध. ‘सर्वांत लोकप्रिय’ कोणता, हे तुम्ही कुठला स्तंभ बघता त्यावर ठरतं. दोन्ही गटांनी आपापल्या सोयीचा स्तंभ दाखवला, तेव्हाही आणि आजही. मंत्रिमंडळ तटस्थ होतं, हेही त्या आकड्यांमागे आहे.

जनतेच्या सह्यांचंही असंच. कलम ५० मागे घ्या म्हणणाऱ्या अर्जावर ६० लाखांवर सह्या झाल्या. एक लाखाला चर्चेचा विचार होतो, साठ लाखांनाही चर्चाच मिळते. ती १ एप्रिललाच वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये झाली. हे मुख्य सभागृह नव्हे. समोर २०१६ च्या सार्वमतात बाहेर पडण्याच्या बाजूने पडलेली १,७४,१०,७४२ मतं होती.

बंडखोर मोजताना

भारतीय वाचकाच्या डोक्यात दहावी अनुसूची असते: पक्षादेश मोडला की अपात्रतेची टांगती तलवार. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. ३ सप्टेंबर २०१९ ला २१ हुजूर खासदारांनी सरकारविरुद्ध मत दिलं, केन क्लार्क आणि चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स त्यांत होते. पक्षाने त्यांना गटातून काढलं, खासदारकी शाबूत.

यातून मोजणीचा एक सापळा तयार होतो. त्या दिवसानंतर हे २१ जण अपक्षांत धरले जातात. त्यामुळे २२ ऑक्टोबरच्या दुसऱ्या वाचनाला हुजूर पक्षाचं एकही मत विरोधात दिसत नाही आणि उतावळा वाचक ‘पक्ष एकजूट झाला’ असं लिहून मोकळा होतो. सप्टेंबरच्या आधीच्या आणि नंतरच्या याद्या तुलनेला घेताना या २१ नावांचा वेगळा स्तंभ करा. २९ ऑक्टोबरला त्यांतल्या दहा जणांना परत घेतलं, तेही टिपा.

बंडखोरांची कारणंही एका पोत्यात भरू नका. मे यांच्या कराराविरुद्ध हुजूर पक्षातून पहिल्यांदा ११८, १२ मार्चला ७५, २९ मार्चला ३४ जण गेले. शेवटच्या ३४ मध्ये २८ जण करार फार मवाळ म्हणणारे आणि सहा जण ब्रेक्झिटच नको म्हणणारे. लॉबी एक, कारणं विरुद्ध. हे यादीत सापडणार नाही; प्रत्येकाचं भाषण त्याच दिवसाच्या हॅन्सार्डमध्ये नावाने शोधावं लागतं.

राहिली एक बारीक गोष्ट. २७ मार्चला कस्टम्स युनियनचा निकाल २६४-२७२ असा जाहीर झाला आणि वर्तमानपत्रांत तोच छापला गेला. नंतर तो सुधारून २६५-२७१ झाला. दोन स्रोतांत एकाचा फरक दिसला तर लगेच छपाईची चूक ठरवू नका. सुधारित आकडा घ्या, जाहीर झालेला शेजारी लिहून ठेवा.