स्टर्नड्राइव्ह बोटीच्या एक्झॉस्टमधला बिघाड कसा शोधावा

चावी फिरवली, ‘ठक्’ असा एकच आवाज आला आणि स्टार्टर जागच्या जागी अडकला. अशा वेळी हात आपोआप पुन्हा चावीकडे जातो. तो आवरा. बॅटरी उतरलेली असेल तर काही बिघडत नाही, पण सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पुढच्या झटक्याला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही.

पाणी तिथवर पोचतं कसं? स्टर्नड्राइव्ह बोटीत प्रोपेलरचा ड्राइव्ह मागे बाहेर असतो, इंजिन मात्र आत बंद कप्प्यात असतं, म्हणून एक्झॉस्ट, म्हणजे जळलेल्या वायूची वाट, पाण्याने थंड ठेवावा लागतो. सिलिंडरांतला वायू गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डच्या बिडाभोवती पाण्याचं आवरण असतं. वायू तिथून रायझरमध्ये वर चढतो, वळणावर त्यात पाणी मिसळतं आणि दोन्ही मिळून रबरी नळी, वाय-पाइप आणि ट्रान्सममधून (बोटीच्या मागच्या भिंतीतून) बाहेर पडतात, बहुतेक ड्राइव्हमध्ये प्रोपेलरच्या मधोमध. म्हणजे इंजिनाचं पोट आणि पाणी यांच्यामध्ये बिडाची एक भिंत आणि एक गॅस्केट, एवढाच आडोसा. म्हणून इथली बहुतेक दुखणी धुराची नसतात, पाण्याची असतात. पाणी कुठे अडलं किंवा कुठे नको तिथे गेलं, हे शोधायचं.

हात घालण्यापूर्वी इंजिनाचं झाकण उघडून पेट्रोलचा वास येतो का बघा आणि ब्लोअर, म्हणजे कप्प्यातली वाफ बाहेर काढणारा पंखा, किमान 4 मिनिटं चालवा. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासच नसतो. त्यासाठी अलार्म हवा, आणि इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या फळीवर कुणालाही बसू देऊ नका, पोहायला तर नाहीच.

पहिली पायरी: स्पार्क प्लग

सगळे प्लग काढा आणि ज्या सिलिंडरचे त्याच क्रमाने फडक्यावर मांडा. एखादा ओला किंवा तांबूस गंजलेला दिसला तर कोणत्या बाजूचा मॅनिफोल्ड संशयित आहे ते तिथेच कळतं. आता इग्निशन बंद ठेवून, म्हणजे ठिणगी पडणारच नाही याची खात्री करून, स्टार्टर थोडा फिरवा. तोंड बाजूला ठेवा. पाणी असेल तर पिचकारीसारखं उडतं, सोबत पेट्रोलची वाफही येते.

पाणी निघालं तर बाकीचा तपास नंतर करा. सिलिंडरमध्ये तेल घाला. डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसत असेल तर तेही बदला. खारं पाणी एका रात्रीत सिलिंडरच्या भिंतीवर गंज चढवतं. ‘रविवारी बघू’ म्हणून सोडून दिलेली इंजिनं मी पाहिली आहेत, रविवारी ती फिरत नव्हती.

दुसरी पायरी: तापमान

प्लग कोरडे असतील आणि तक्रार वाफेची किंवा जळक्या रबराच्या वासाची असेल, तर इंजिन चालू करून इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. कोरड्या इंजिनावर हा प्रयोग अजिबात नको, पाण्याविना इम्पेलरची, म्हणजे पाण्याच्या पंपातल्या रबरी चक्राची, पाती मिनिटाभरात जळतात. जमिनीवर असाल तर ड्राइव्हच्या पाणी ओढणाऱ्या जाळीवर फ्लशिंग मफ (नळाच्या पाइपला जोडायचे रबरी कप) लावा, नळ पूर्ण सोडा आणि आरपीएम कमीच ठेवा. बारीक धारेच्या नळावर चांगलं इंजिनही तापतं आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसता.

इंजिन व्ही प्रकारचं, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांचं, असेल तर दोन्ही रायझरवर अगदी त्याच जागी मापं घ्या. रायझरला हात लावून ठेवता यायला हवा. दोन्ही बाजू तापल्या असतील तर पाणी मुळातच कमी येतंय: जाळीत शेवाळ, झिजलेला इम्पेलर किंवा आतून सोललेली नळी. इम्पेलर काढला तर पाती मोजा. एखादं तुटलेलं दिसलं तर तुकडा शोधल्याशिवाय नवा बसवू नका. तो पुढे ऑइल कूलर किंवा पॉवर स्टिअरिंग कूलरच्या तोंडाशी अडकलेला सापडतो. एकच बाजू तापली असेल तर त्याच बाजूच्या पाण्याच्या वाटेत गंजाचे पापुद्रे साचलेत असं समजा. रायझरचा रंग फुगून काळपट झालाय का, तेही बघा.

तिसरी पायरी: रायझर उघडा

खरी उत्तरं इथे मिळतात. आधी पाणी काढून टाका, मग बोल्ट सोडवा. हातातल्या बॅटरीच्या उजेडात मॅनिफोल्डच्या वायूच्या वाटेत डोकवा. आत कोरडी, मखमली काळी काजळी दिसली तर बरं. पण सांध्यापासून पोर्टच्या (इंजिनाकडच्या वायूच्या तोंडाच्या) दिशेने उतरणारी विटकरी रेघ दिसली तर पाणी तिथूनच झिरपतंय. पाण्याच्या भोकांत पातळ स्क्रूड्रायव्हर घालून खरवडा. टणक बीड न लागता पापुद्रे सुटत राहिले तर तो भाग बदलायचा. खाऱ्या पाण्यात 5-6 वर्षं वापरलेले रायझर मी डागडुजी करून परत बसवत नाही. गोड्या पाण्यात ते पुष्कळ जास्त टिकतात.

दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करा, सरळ पट्टी लावून वाक तपासा, गॅस्केट नवंच घ्या आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. गॅस्केटभोवती सिलिकॉन फासण्याचा मोह टाळा. मॅनिफोल्डचा संशय असेल तर पाण्याची तोंडं बंद करून त्याचं आवरण पाण्याने भरा, रात्रभर ठेवा आणि सकाळी पोर्ट ओले झालेत का बघा. ओले झाले तर मॅनिफोल्ड गेला. कोरडे राहिले तरी तो निर्दोष ठरत नाही, काही चिरा फक्त गरम झाल्यावर उघडतात. वर्कशॉपमध्ये दाब देऊन तपासून घ्या.

चौथी पायरी: फ्लॅपर आणि रबर

वाटेतले फ्लॅपर, म्हणजे एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा, वायू बाहेर जाऊ देतात आणि लाट आत येऊ देत नाहीत. इंजिन एकदा भयंकर तापलं की त्यांचं रबर जळतं. मग वेगात असताना थ्रॉटल एकदम बंद केला की मागून आलेली लाट थेट वर चढू शकते. रबरी नळी काढून बॅटरीच्या उजेडात बघा. नळी आतून कडक झाली असेल, फोड आले असतील, तर तीही बदला. बोट बाहेर असतानाच ड्राइव्हवरचा एक्झॉस्ट बेलोज (घड्यांचं रबरी आवरण) तपासा. तो फाटला तर आवाज वाढतो, एवढंच. पण शेजारचा यू-जॉइंटचा बेलोज फाटला तर पाणी बेअरिंगमध्ये जातं, पुढे बोटीतही येऊ शकतं, म्हणून तोही तेव्हाच बघून घ्या.

शेवटी पाण्यावर, नेहमीच्या वजनासह फेरी मारा. परतल्यावर सांध्यांभोवती काजळीचे डाग आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, नवीन पाणी आहे का बघा. प्लग मात्र लगेच काढू नका. बारीक गळती इंजिन बंद झाल्यावर थेंबथेंब उतरते, म्हणून ते दुसऱ्या दिवशी सकाळी, चावी फिरवण्याआधी काढा.