मेमधल्या दुपारी तीनला पश्चिमेच्या काचेजवळ बसा

एनर्जी ऑडिटच्या, म्हणजे इमारतीत वीज कुठे वाया जाते ते शोधण्याच्या क्षेत्रात नव्याने आलेली मुलं मला विचारतात, आधी कोणतं सॉफ्टवेअर शिकू? इमारतीला किती ऊर्जा लागेल याचा अंदाज मांडणारं एनर्जीप्लस फुकट मिळतं, ते शिकाच. पण त्याआधी मे महिन्यात एखाद्या काचेच्या ऑफिसात, दुपारी तीन वाजता, पश्चिमेच्या बाजूला तासभर बसून या.

माझं पहिलं ऑडिट हिंजवडीतल्या एका ऑफिसचं. दोन दिवस मी चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) आणि पंपांची रीडिंग घेत होतो. यंत्रं ठणठणीत, बिल मात्र भरमसाट. तिसऱ्या दिवशी वर गेलो. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, तिच्यावर ब्लाइंड्स पूर्ण खाली आणि भर उन्हात सगळे दिवे चालू! उजेडासाठी काच लावली, ऊन डोळ्यांवर येतं म्हणून पडदे ओढले, पडद्यांमुळे अंधार झाला म्हणून दिवे लावले. आतला पडदा डोळ्यांना वाचवतो, पण ऊन काचेतून आत आलेलंच असतं. ती उष्णता आणि वर दिव्यांची, दोन्ही एसीनेच उपसायची. शिवाय दिव्यांच्या ओळी खिडकीला समांतर नव्हत्या, त्यामुळे खिडकीजवळचे तेवढेच दिवे बंद करता येत नव्हते.

दक्षिणेचं ऊन आडवा छज्जा अडवतो, कारण दुपारी सूर्य उंच असतो. पश्चिमेचा कललेला सूर्य छज्ज्याखालून थेट आत शिरतो. तिथे खिडकीबाहेर उभ्या फिन्स, म्हणजे सावलीच्या पट्ट्या हव्यात, खिडक्या कमी हव्यात. जिने आणि लिफ्ट त्या बाजूला घेता आले तर फारच उत्तम. काच निवडताना एसएचजीसी, म्हणजे काच किती सौर उष्णता आत सोडते तो आकडा बघा. तो 0.27 असेल, तर काचेवर पडलेल्या सौर उष्णतेपैकी 27 टक्केच आत येते.

हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसच्या एका इमारतीचे दोन सारखे भाग आहेत. एकात नेहमीचा एसी, दुसऱ्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून थंड पाणी फिरतं. दुसऱ्या भागात थंडाव्यासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. नवखे फक्त नळ्यांबद्दल बोलतात. माझ्या मते खरी मेहनत भिंतींवर आहे: बेताच्या खिडक्या आणि बाहेरून सावली. आत येणारी उष्णता मुळात कमी, म्हणून तर नळ्यांना पेलवते.

आमच्या त्या ऑफिसात शेवटी काचेवर ऊन अडवणारी फिल्म लावली, दिव्यांची वायरिंग बदलली. इमारत उभी राहिल्यावर तेवढंच शक्य होतं. म्हणून नोकरीच्या मुलाखतीत न लाजता विचारा: आर्किटेक्टच्या पहिल्या ड्रॉइंगच्या बैठकीला मला बसू द्याल का?