घरातलं मोठं माणूस लसीला नाही म्हणतंय? मग हे करून बघा

२०२१ च्या मार्चमध्ये साठीच्या पुढच्यांना करोनाची लस सुरू झाली तेव्हा आमच्या पैठण तालुक्यातल्या घरी दोन माणसं अडून बसली, आत्या आणि तात्या. मी समजवायला बसल्यावर आत्या तीन आठवड्यांत तयार झाली. तात्यांच्या बाबतीत मी सपशेल हरलो (लस त्यांनीही घेतली, पण ती कशी ते खाली सांगतो). दोघांकडून जे शिकलो ते लिहून ठेवतोय, कारण साथ काय ही शेवटची नाही, आणि नवीन साथीला नवीन लस आली की घरात परत कोणीतरी दंड मागे घेणारच.

आधी व्हिडिओ पाठवणं बंद करा. मी पण पाठवले होते, डॉक्टरांचे, आकडेवारीचे, सगळे. आत्याने एकही उघडला नाही आणि तात्यांनी माझ्या एकाला त्यांचे दोन असं उत्तर दिलं. फोनवर हे जमत नाही, समोर बसा, चहा होऊ द्या, आणि एवढंच विचारा, "घेतली तर काय होईल असं वाटतंय?" आणि मग गप्प बसा. म्हणजे खरंच गप्प, मध्येच "अगं तसं नसतं" केलं की संपलं, पुढचं ती बोलणारच नाही.

आणि पहिलं कारण खरं धरू नका. आत्या पहिल्या दिवशी म्हणाली मी कुठं जाते, मला कशाला हवी. दुसऱ्या दिवशी निघालं की शेजारची म्हातारी लस घेऊन चौथ्या दिवशी गेली. आणि चार-पाच दिवसांनी भाकरी थापता थापता खरं बाहेर आलं, "दोन दिवस तापानं पडले तर म्हशीची धार कोण काढणार?" आता याच्यावर मी कितीही अँटीबॉडी समजावून काय उपयोग होता! चुलतभावाला सांगून दोन दिवसांची धार त्याच्यावर टाकली, अर्धं काम तिथंच झालं. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाचं पण हेच असतं, ताप आला तर रोज बुडतो, आणि तो तसं म्हणत नाही, तो म्हणतो लसीवर विश्वास नाही. त्याला सुट्टीच्या आदल्या दिवशीची वेळ बघून द्या.

शेजारच्या म्हातारीचं मात्र उडवून लावू नका, माणूस गेलेलं असतं. मी असं सांगितलं, आत्या, आपल्या गावात लस नव्हती तेव्हा पण महिन्याला एक-दोन म्हातारी माणसं जायचीच ना, आता एकाच महिन्यात सगळ्या म्हाताऱ्यांना सुई टोचली तर त्यातलं कोणीतरी सुईनंतरच्या आठवड्यात जाणारच, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. प्रत्येक वेळी तसंच असतं असं पण नाही, म्हणून तर लसीनंतर काही गंभीर झालं तर ते कळवायची आणि तपासायची सरकारी पद्धत आहे. जे खरं आहे ते खरं म्हणा. कोविशिल्डच्या प्रकारच्या लसीने फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात हे २०२१ लाच समोर आलं होतं, ते तुम्ही लपवलं आणि तिला दुसरीकडून कळलं तर तुमचं बाकीचं सगळं पण खोटं ठरतं. तिला हेही सांगा की श्वास लागला, पाय सुजला, डोकं किंवा पोट खूप दुखायला लागलं तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. बीपी, शुगर किंवा रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल, किंवा आधी कुठल्या इंजेक्शनने मोठी अ‍ॅलर्जी आली असेल, तर तिच्याच नेहमीच्या डॉक्टरकडे घेऊन जा. आमच्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि तिने ऐकलं, माझे तीन आठवडे एका बाजूला.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. "घेतली की करोना होत नाही" असं सांगून बसलो. एप्रिलमध्ये भावकीतल्या एकाला पहिल्या डोसनंतर दहा दिवसांत झाला आणि तात्यांना आयतं कोलीत मिळालं. नीट सांगायचं ते असं, की अंगात ताकद यायला वेळ लागतो, दुसऱ्या डोसनंतर साधारण दोन आठवडे, आणि मुख्य फायदा हॉस्पिटल आणि ऑक्सिजनची वेळ येऊ नये हा आहे, होणारच नाही असा नाही. केंद्रावर गर्दी असेल तर मास्क ठेवा, लस घ्यायला जाऊन करोना घेऊन येण्याची भीती अगदीच वेडगळ नव्हती.

अफवांचं म्हणाल तर सगळ्या खोडत बसू नका, दम लागतो. एकच अशी निवडा जी घरात करून दाखवता येते. जून २०२१ मध्ये नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लसीनंतर चमचे आणि नाणी चिकटतात अशी बातमी सगळीकडे फिरत होती. मी लस न घेतलेल्या भाच्याच्या घामेजल्या छातीला चमचा लावला, चिकटला. मग पावडर लावली, पडला. लसीचा डोस अर्धा मिली असतो, त्यात चमचे धरणारं लोहचुंबक कुठून मावणार. पोरं हसली आणि आत्या पण हसली, विषय बंद.

सोयीचं पण बघा. कोविनवर (लसीच्या नोंदणीची सरकारी वेबसाइट) नाव घालणं तिला या जन्मात जमलं नसतं. आणि तेव्हा कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस असायचे, उघडली की चार तासांत संपवायला लागायची, म्हणून उपकेंद्रावर सिस्टर दहा माणसं जमायची वाट बघत बसायच्या आणि तीन माणसं गेली तर उद्या या म्हणून परत पाठवायच्या. परत पाठवलेलं माणूस दुसऱ्यांदा येत नाही हो! तर आशाताईंना (गावच्या आशा कार्यकर्तीला) आधी फोन करा, गल्लीतली दहा माणसं गोळा करा आणि एकदमच जा. आत्या तिच्या भजनाच्या बायकांबरोबर गेली, एकटी गेलीच नसती. नंतरचा अर्धा तास सगळ्या ओट्यावर गप्पा मारत बसल्या. रात्री ताप आला, पॅरासिटामॉल दिली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठून कामाला.

आता तात्या. त्यांच्याशी मी वाद घातला, चारचौघांत. तिथंच चुकलं, कारण मग विषय लसीचा राहत नाही, पुतण्यापुढं माघार घ्यायची का याचा होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात (तेव्हा नाव तेच होतं) आदेश निघाला की किमान एक डोस नसेल तर पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही. तात्यांनी मोटरसायकलसाठी लस घेतली. आकडा वाढला असेल, पण माणूस कडू झाला, दुसरा डोस कसाबसा आणि बूस्टरला तर दारातूनच हाकललं. पुढे २ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने कोणावर लसीची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं तेव्हा ते कात्रण त्यांनी मला दाखवायला जपून ठेवलं होतं. आपल्याकडं हे जुनंच आहे, १८९७ ला हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस स्वतःच्या अंगावर टोचून घेतली, आणि त्याच वर्षी पुण्यात प्लेगचा इंग्रज अधिकारी रँड याच्या लोकांनी घरात घुसून झडत्या घेतल्या. लोकांना मदत कुठली आणि जबरदस्ती कुठली हे वेगळं करता येईना, सरकारी म्हटलं की भीतीच.

त्यामुळे समोरचा हट्टाला पेटला तर तिथंच थांबा. घरातल्या बाकीच्यांनी घेऊन टाका, आणि दोन-तीन आठवडे विषयच काढू नका. नंतर तुम्ही नाही, त्यांच्या वयाच्या ज्याने घेतलीय त्याला बोलू द्या. तात्यांच्या पारावरच्या दोस्ताला मी हे सांगायला हवं होतं, सुचलं तेव्हा मोटरसायकल पंपावर पोचली होती.

आणि पहिला डोस झाला की दुसऱ्याची तारीख तिथल्या तिथं कॅलेंडरवर लिहा, मे २०२१ पासून कोविशिल्डला ८४ दिवस होते, एवढ्यात माणूस विसरतं. आत्याने मात्र मलाच फोन केला, आशाताईंचा नंबर लागत नाहीये आणि बायका नऊच झाल्यात, दहावं कोण आणू म्हणून.