जुन्या गाडीत सिंथेटिक ऑइल घालण्याआधी

"जुन्या गाडयेक एवढा म्हाग ऑइल कित्याक?" कणकवलीत गॅरेज चालवायचं तर हा प्रश्न रोजचा. म्हाग म्हणजे सिंथेटिक, साध्या खनिज ऑइलऐवजी कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं. माझं उत्तर इंजिन बघितल्यावरच ठरतं.

गाडी पंधरा वर्षांची मारुती ८०० असो नाहीतर सँट्रो, सकाळी इंजिन थंड असताना स्टार्ट करा आणि सायलेन्सरकडे बघा. सुरुवातीला निळा धूर येऊन थांबला तर बहुतेक वॉल्व सील, म्हणजे वॉल्वमधून ऑइल आत झिरपू न देणारी रबरं, कडक झालेत. चढावर सतत निळा धूर मारत असेल तर पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्या. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिणाऱ्या गाडीत सिंथेटिक ओतू नका. तिला साधं २०डब्ल्यू-५० ग्रेडचं (जाडीचं) ऑइल घाला, दर आठवड्याला गेज, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघा आणि रिंगांच्या कामाचे पैसे जमवा.

धूर नाही, गळती नाही, तर सिंथेटिक खुशाल घ्या. पण आधी गाडीच्या पुस्तिकेत कोणते ग्रेड चालतात ते बघा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा तापलेल्या इंजिनातला. आपल्याकडे जानेवारीची पहाटसुद्धा इंजिनाला उबदारच, त्यामुळे ०डब्ल्यूसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. दुसऱ्या आकड्यावर लक्ष ठेवा. मे महिन्यात डिकीत आंब्याच्या पेट्या, आत चार माणसं आणि फोंडा घाट दुसऱ्या गिअरवर, तेव्हा ऑइल चांगलंच तापतं. अशा उष्णतेत सिंथेटिक लवकर खराब होत नाही, गाळही कमी धरतं. पुस्तिकेत बसत असेल तर जुन्या पेट्रोल गाडीला मी १०डब्ल्यू-४० घालतो.

डब्यावर एपीआय शोधा, ती ऑइलच्या दर्जाची खूण. पेट्रोलला एसएन किंवा एसपी. शेवटचं अक्षर पुढचं म्हणजे दर्जा नवीन, आणि नवीन अक्षर जुन्याच्या जागी चालतं. जुनी बोलेरो, सुमो, इंडिका डिझेल असेल तर सीआय-४ आणि १५डब्ल्यू-४०. डिझेलचं ऑइल दोन दिवसांत काळं पडतं, त्यावरून ते बाद झालं असं समजू नका. अजून जुनी प्रीमियर पद्मिनी सांभाळून असाल तर डब्ल्यूनंतर ३० असलेल्या ऑइलपासून लांब राहा. नव्या गाड्यांतला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी त्या ऑइलमध्ये फॉस्फरसवर मर्यादा असते आणि वॉल्व उघडणाऱ्या जुन्या टॅपेटांना झिजेपासून वाचवणारा तोच घटक.

सिंथेटिकने सील खराब होतात, असं अजून कानावर येतं. हल्लीच्या ऑइलने तसं होत नाही. होतं ते एवढंच, की सीलभोवती साचलेला चिकट गाळ सुटतो आणि त्याने झाकलेली गळती दिसायला लागते. म्हणून वर्षानुवर्षं साध्या ऑइलवर चाललेल्या गाडीला मी आधी सेमी-सिंथेटिक, म्हणजे साधं आणि सिंथेटिक मिसळलेलं, घालतो, तीन हजार किलोमीटरला फिल्टरसकट बदलतो, मग पूर्ण सिंथेटिक. इंजिन आतून धुवायचं फ्लशिंग ऑइल तर नकोच. एकदम सुटलेला गाळ चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या, जाळीत अडकला की पंपाला ऑइल ओढता येत नाही, आणि मग खर्च इंजिन खोलण्यापर्यंत जातो.

आपल्याकडे ऑइलचा मोठा शत्रू ओल. घर ते बाजारपेठ, पाच मिनिटांची फेरी. इंजिन पुरतं तापत नाही, पेट्रोल जळून झालेली वाफ आतच थंड होते. पावसाळ्यात ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ, लोण्यासारखा थर फक्त झाकणाला असेल तर एखादी लांब फेरी मारा. गेजवरचं ऑइलही दुधाळ आणि रेडिएटरचं पाणी घटतंय, तर गाडी चालवू नका, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी पट्टी, तपासून घ्या.

म्हणून डब्यावरच्या दहा हजार किलोमीटरवर जाऊ नका. जुन्या गाडीचं ऑइल पाच हजार किलोमीटरला बदला, तेवढी धावली नाही तरी वर्षाला बदलाच. सिंथेटिक असलं तरी हेच. गावच्या घरी पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या चाकरमान्यांच्या गाडीचं ऑइल गणपतीत आल्यावर नाही, मे संपताना बदला. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल आणि पाणी तीन महिने बेअरिंगांवर बसू नये. शेजाऱ्याला चावी देऊन जात असाल तर त्याला सांगा, अंगणात पाच मिनिटं घुरघुरवून ठेवू नको, वीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आण.

डबा सील बघून, बिलासकट घ्या. रिकामा डबा भंगारात द्यायच्या आधी स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा, नाहीतर त्यात नकली ऑइल भरून तोच परत दुकानात येतो.