साइड स्कर्ट सोडवून पुन्हा बसवला, माझा अनुभव

गाडीचा उजवा साइड स्कर्ट, म्हणजे दारांखालची लांब पट्टी, मागच्या टोकाला सुटला होता. आधी बसवणाऱ्याने धुळीवरच डबल टेप मारलेली. अर्धी सुटलेली, अर्धी घट्ट. पेचकस घालून उचकटू नका, रंगाचे टवके उडतात. मी हेअर ड्रायरने हाताला सोसेल इतकं तापवलं आणि तंगूसाचा दोरा फटीत घालून करवतीसारखा मागेपुढे ओढला. जुन्या टेपचा काळा फोम कापत गेला, रंगावर ओरखडाही नाही. उरलेला चिकट थर अंगठ्याने चोळून काढायला मात्र दोन तास गेले. खरं काम तेच! मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी अ‍ॅक्रिलिक फोम टेप लावली, तळहाताने दाबली, वरून मास्किंग टेपने आवळलं. पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात. तोवर गाडी धुतली नाही.